दोन तोंडं आणि एक टी

आमच्या जीपला ब्रेक नव्हते असं नाही. होते, पण चारही चाकांचे मिळून एकाच पाइपाच्या जिवावर. ही गोष्ट मला माहीत होती. उमगली मात्र गेल्या जानेवारीत, सप्तशृंग गडावरून नांदुरीला उतरताना.

मागे मेहुणे, त्यांच्या आई, आमची धाकटी आणि प्रसादाच्या दोन पिशव्या. निम्मा घाट उतरलो असेन. एका वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल नेहमीच्या जागी अडलंच नाही. चिखलात पाय रुतावा तसं खाली खाली जात फळीला टेकलं. दोनदा, तीनदा पंप केलं. काही नाही. गाडी दुसऱ्यात होती. या जीपच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो सहज पडत नाही, त्यामुळे डबल क्लच मारून पहिला पडेपर्यंत जे काही सेकंद गेले ते मी अजून विसरलेलो नाही. मग हँडब्रेक. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतो. ट्रान्स्फर केसच्या पाठीमागे, चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम असतो आणि त्याला तेलाशी काही देणंघेणं नसतं. दांडा ओढला की झालं. चालत्या गाडीत तो ओढणं शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, सोसत नाही म्हणतात, पण तेव्हा क्रॉसची काळजी करायला सवड कुणाला होती! गाडी हिसके खात, डोंगराकडच्या गटारीत एक चाक घालून थांबली.

मेहुण्यांच्या आई म्हणाल्या, "भगवतीची कृपा." मी म्हटलं, "हो."

खाली वाकून पाहिलं. मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणाऱ्या लोखंडी पाइपाची एक क्लिप तुटली होती. पाइप यू-बोल्टला घासून घासून झिजला होता आणि त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. तेवढ्यातून सगळं ब्रेक ऑइल टायरवर. पुढच्या दोन चाकांचं मात्र सगळं शाबूत. होज नवे, चाकांतल्या छोट्या सिलिंडरांचे (व्हील सिलिंडर) किट वर्षापूर्वी बदललेले, लायनर निम्म्याहून जास्त शिल्लक. मागे एक भोक पडलं म्हणून पुढचे दोन धडधाकट ब्रेक बिनकामाचे! जीव वाचला याचं बरं वाटलंच, पण डाचत राहिलं ते हे.

माझी मखमलाबादला द्राक्षबाग आहे. बागेत ड्रिपचा एक सबमेन, म्हणजे मुख्य पाइपाचा एक फाटा, फुटला तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करतो, बाकीच्या प्लॉटना पाणी चालू राहतं. एक सबमेन फुटला म्हणून सगळी बाग वाळवणारा माणूस आमच्याकडे वेड्यात काढला जाईल. आणि मी मात्र घरच्यांना घेऊन इतकी वर्षं तशाच गाडीतून हिंडत होतो.

जीप आप्पांनी घेतलेली. महिंद्राची सीजे-३बी, लोक जिला हाय बॉनेट म्हणतात ती. मूळ बनावट विलिसची. अमेरिकेत ती १९५३ पासून १९६८ पर्यंत निघाली. आपल्याकडे महिंद्राने त्यानंतरही कितीतरी वर्षं काढली. पेट्रोल इंजिन काढून आप्पांनी डिझेल बसवलं, हुड तीनदा बदललं, पण ब्रेकला कुणी हात लावला नाही. चारही चाकांना ड्रम, आणि पेडलच्या जोराने तेल दाबणारं मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीला. तेल पाहायचं तर पायाखालची मॅट उचला, झाकणी काढा, चिखल पुसा, मग बूच. एवढं करून तेल बघणारा ड्रायव्हर मी आमच्या आप्पांशिवाय दुसरा पाहिला नाही.

तर ठरवलं, डबल सर्किटचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांचं तेल वेगळं ठेवणारं मास्टर सिलिंडर बसवायचं.

हे सिलिंडर आतून कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. बोअर, म्हणजे आतली पोकळ नळी, एकच, पण त्यात एकामागे एक दोन पिस्टन. पहिल्याला पेडलचा दांडा ढकलतो. दुसरा नुसता मधे तरंगत असतो. त्याला पहिल्याने दाबलेलं तेल आणि स्प्रिंग पुढे सारतात. दोघांच्या पुढे आपापलं तेल, आपापलं बाहेर पडायचं तोंड आणि वर तेलाच्या बाटलीत आपापला खण. दुसऱ्या पिस्टनची लाइन फुटली तर तो रिकामा धावत बोअरच्या टोकाला टेकतो आणि तिथून पुढे पहिल्याच्या तेलात दाब तयार होतो. पहिल्याची फुटली तर पहिला पिस्टन जाऊन दुसऱ्याच्या पाठीला भिडतो आणि त्याला लोखंडाने लोखंड ढकलावं तसा ढकलतो. दोन्ही वेळा पेडल बरंच खाली जातं, पण शेवटी दोन चाकं धरतात. अमेरिकेत कॅडिलॅक आणि रॅम्बलर या गाड्यांना १९६२ च्या मॉडेलपासून अशी सिलिंडरं आली आणि १९६८ पासून तिथे नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. म्हणजे ही जीप तिकडे बंद झाली त्याच वर्षी.

मार्चअखेर माल उतरला. द्राक्षाची खरड छाटणी सुरू व्हायला पंधरा-वीस दिवस. वर्षात आम्हाला श्वास घ्यायला मिळतो तो तेवढाच, आणि घरच्यांच्या मते तो मी जीपखाली घेतला.

द्वारका ते सारडा सर्कल या पट्ट्यात दोन दिवस फिरलो. काउंटरवर पहिला प्रश्न, "कोणत्या गाडीचं?" जीपचं म्हटलं की सिंगलच पुढे येतं. डबल म्हटलं की, "मग जीपचं कसं?" एकाने शेवटी तीन-चार खोकी उघडून समोर ठेवली आणि म्हणाला, "यातलं पाऊण इंची घ्या, पेडल एकदम हलकं होईल."

हलकं होईल हे खरं आहे. हिशोब साधा. पायाचा जोर ३० किलो धरा. माझ्या पेडलची तरफ सहापटीच्या जवळ जाते, म्हणजे पिस्टनवर १८० किलो. मूळ सिलिंडर एक इंची, २५.४ मिलिमीटर बोअरचं. त्याचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणून दाब चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो. सात अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटरचं घेतलं तर ४६. पाऊण इंची घेतलं तर ६३. (फवारणीचा एचटीपी पंप मी २०-२५ वर चालवतो, आणि त्याच्या होजपासून पोरांना लांब उभं करतो.) पण चाकांतल्या सिलिंडरांना तेल लागायचं तेवढंच लागतं. बोअर लहान झालं की तेवढं तेल ढकलायला पेडल जास्त चालावं लागतं, पाऊण इंचीला मूळच्या पावणेदोन पटीहून थोडं अधिकच. जीपच्या पेडलला फळीपर्यंत एवढी चाल आहे कुठे? आणि एक सर्किट गेलं की निम्मी चाल वाया जाणार, ती कुठून आणायची? मी एक इंची घेतलं. पेडल पूर्वीइतकंच जड राहील. आप्पांनी ते आयुष्यभर दाबलं, मला काय धाड भरलीय.

सिलिंडर जुन्यापेक्षा लांब, आणि फ्लँजही वेगळा. अंबडला ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून ८ मिलिमीटर प्लेटचं ब्रॅकेट करून घेतलं. तो ५ ची प्लेट पुरेल म्हणत होता. इथे प्लेट वाकली तर पेडल स्पंजासारखं लागतं आणि माणूस हवा राहिली समजून आठवडाभर ब्लीडिंग करत, म्हणजे हवा काढत बसतो. नव्या सिलिंडरची बाटली त्याच्या डोक्यावर होती, ती फळीखाली मावेना. म्हणून वर फायरवॉलवर दोन खणांची बाटली लावली आणि दोन होज खाली आणले. बाटलीत मधे पडदा आहे ना, हे आत टॉर्च मारून पाहिलं. पडदा नसलेली बाटली म्हणजे पुन्हा सगळं एकाच विहिरीतून. होज ब्रेक ऑइलचाच घ्यायचा. डिझेल-पेट्रोलचा काळा होज ब्रेक ऑइलमध्ये फुगतो आणि मऊ पडतो.

इथवर माझी अक्कल. पाइपांसाठी उस्तादांना बोलावलं.

उस्ताद म्हणजे वडाळा नाक्याकडचे जुने मिस्त्री. आप्पांच्या वेळेपासूनचे. जीप ब्रेकशिवाय त्यांच्याकडे नेता येईना म्हणून तेच मोटारसायकलवर हत्यारं लादून शेडमध्ये आले. सकाळी मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, चहा झाला, मी बागेत गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा काम झालेलं होतं. पाइप सुरेख वळवलेले, क्लिपा बसवलेल्या, सगळं पुसून स्वच्छ. आणि सिलिंडरच्या दोन तोंडांतून निघालेले दोन नवे पाइप वीतभर अंतरावर जाऊन जुन्याच पितळी टीला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, जोडलेले.

समजून घ्या काय झालं होतं ते. मूळ जीपला सिलिंडरच्या एका तोंडातून एक पाइप, मग टी, टीमधून एक फाटा पुढच्या चाकांकडे, एक मागच्या. उस्तादांनी पुढचे-मागचे पाइप जसे होते तसे ठेवले. नव्या सिलिंडरला दोन तोंडं आहेत, तर दोन्ही आणून त्या टीला भिडवली. गाडी चालली असती. पेडल उत्तम लागलं असतं. कुणालाही दाखवलं तर त्याने दोन पाइप मोजून "डबल सर्किट" म्हटलं असतं. आणि मागच्या अ‍ॅक्सलला पुन्हा सुईएवढं भोक पडतं तर दोन्ही खणांचं तेल त्याच भोकातून टायरवर गेलं असतं.

"उस्ताद, हे दोन्ही एकत्र आले की."

"मग? दोघांचा जोर मिळून येतो भाऊ. डबल."

त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. डबल हा शब्दच तसा आहे. डबल रोटी, डबल बॅटरी, डबल डेकर: सगळीकडे त्याचा अर्थ जास्त. इथेच तेवढा त्याचा अर्थ वेगळं. मी जमिनीवर काडीने ड्रिपची लाइन काढून दाखवली. मेन, दोन व्हॉल्व्ह, दोन सबमेन. आणि मग दोन्ही सबमेन शेवटी जोडून टाकले. "आता हा फुटला, मी याचा व्हॉल्व्ह बंद केला. पाणी थांबेल?" उस्ताद बराच वेळ काडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उलटं येईल." आणि पाना उचलला.

टी निघाला. पुढच्या चाकांचा पाइप थेट एका तोंडाला, मागच्यांचा थेट दुसऱ्याला, आणि मधे कुठेही भेटगाठ नाही. कोणतं तोंड पुढच्यांना? हे सगळ्या सिलिंडरांना सारखं नसतं, ज्या गाडीचं सिलिंडर तिच्या नकाशात पाहावं लागतं. माझ्यावाल्यात पेडलकडचं तोंड पुढच्यांचं आहे. जीपच्या पुढच्या चाकांतली सिलिंडरं एक इंची, मागची पाऊण इंची. थांबवायचं बरंचसं काम पुढचीच करतात.

मग आट्यांचं नाटक. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते गडावरच्या भोकापेक्षा हे जास्त भयंकर होतं.

जीप अमेरिकन वंशाची. तिच्या पाइपांचे नट तीन अष्टमांश इंचाचे, इंचाला २४ आटे. नवं सिलिंडर मेट्रिक, एम १०, एक मिलिमीटर पिचचं (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). आता मोजा. तीन अष्टमांश म्हणजे ९.५ मिलिमीटर. २४ आट्यांचं पिच १.०६ मिलिमीटर. म्हणजे इंची नट मेट्रिक भोकात अर्ध्या मिलिमीटरने सैल, आणि पिचमधला फरक केसाएवढा. तो हाताने सुरेख आत जातो. शेवटी पाइपाचं फुलवलेलं तोंड आतल्या सीटवर बसतं, पाना अडतो, हाताला वाटतं, छान आवळला. प्रत्यक्षात आट्यांची नुसती टोकं टोकांना टेकलेली असतात. आम्ही तेल भरलं, मी पेडलवर अंगचा भार टाकून उभा राहिलो, तेव्हा पुढच्या चाकांच्या तोंडाशी एक थेंब आला. उस्ताद म्हणाले, अजून थोडा आवळू. आवळला तर नट गरकन फिरला. काढून पाहिला: आट्यांच्या टोकांना चकाकी, सिलिंडरच्या भोकातून ॲल्युमिनियमचा बारीक चुरा.

त्या दिवशी तो थेंब आला नसता तर? असो. सिलिंडरचे आटे नशिबाने वाचले होते, टॅप फिरवून साफ झाले.

यावर दुकानात ॲडॉप्टर मिळतात, इंची ते मेट्रिक. मला ते आवडत नाहीत. प्रत्येक ॲडॉप्टर म्हणजे गळायच्या आणखी दोन जागा. त्याहून सोपा उपाय असा, की पाइप दोन्हीकडे एकच आहे, तीन षोडशांश इंचाचा, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. बदलतो तो फक्त नट. नवा पाइप घ्यायचा, एका टोकाला मेट्रिक नट, दुसऱ्या टोकाला इंची नट, दोन्हीकडे डबल फ्लेअर. झालं. पाइप पोलादी, ब्रेकचाच. तांब्याचा पाइप हाताने सहज वळतो म्हणून फ्रिजवाल्याकडून आणायचा मोह होतो, पण तो गाडीच्या थरथराटाने हळूहळू कडक होत जातो आणि एक दिवस तडकतो.

डबल फ्लेअर म्हणजे पाइपाचं तोंड आधी बाहेर फुलवायचं आणि मग तीच कड आत दुमडायची, म्हणजे बसणाऱ्या जागी दुहेरी पत्रा येतो. सिंगल फ्लेअर ब्रेकच्या दाबाला चिरतो. यंत्र आणलं, पुतण्याला शिकवलं. आमचे पाच पाइप वाया गेले. दोन वाकडे फुलले. तीन अगदी सुबक फुलले, पण फुलवायच्या आधी नट घालायचा राहिला होता. तिसऱ्यांदा मी स्वतः विसरलो तेव्हा पुतण्या तोंड फिरवून हसला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

ड्रमच्या ब्रेकची एक खोड आहे. पाय उचलल्यावरही पाइपात थोडा दाब शिल्लक राहावा लागतो, सुमारे १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो. तो नसला तर शूच्या, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांच्या, स्प्रिंगा सगळं तेल मागे ढकलतात, व्हील सिलिंडरमधल्या रबरांच्या कडा भिंतीपासून ढिल्या पडतात, तिथून हवा आत शिरते, आणि दर वेळी पेडल एकदा पंप केल्याशिवाय ब्रेक लागत नाहीत. जुन्या सिलिंडरात त्यासाठी आतच, बोअरच्या टोकाला एक व्हॉल्व्ह असतो. नवं सिलिंडर पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशा गाडीसाठी केलेलं. डिस्कला एवढा दाब चालत नाही, पॅड घासत राहतात, म्हणून पुढच्या चाकांच्या तोंडात व्हॉल्व्ह नाही. हे ओळखायचं कसं? तोंडातून बारीक, बोथट तार हलकेच घालून बघायची. मागच्या चाकांच्या तोंडात ती रबराला अडली, पुढच्यांच्या तोंडात सरळ आत गेली. मग पुढच्या लाइनीसाठी १० पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह मुंबईहून मागवला. त्यावर बाण असतो. बाणाचं टोक चाकांकडे.

उरला ब्रेकलाइटचा स्विच. जुन्या जीपला तो तेलाच्या दाबावर चालतो, त्याच टीमध्ये पिळलेला असायचा. टी गेला, आता स्विच कुठे? उस्ताद म्हणाले, मागच्या लाइनीत घालू. घालता येतो. पण मग मागची लाइन फुटेल तेव्हा गाडी पुढच्या दोन चाकांवर कशीबशी थांबत असेल आणि मागून येणाऱ्या ट्रकला लाल दिवासुद्धा दिसणार नाही. मी पेडलच्या दांड्याला लागून पन्नास-साठ रुपयांचा साधा स्विच लावला. तेल असो नसो, पेडल हललं की दिवा.

हवा काढायची सुरुवात गाडीवर नाही, व्हाइसमध्ये. सिलिंडर आडवं धरायचं, दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्या वर तेलात बुडवायच्या आणि पिस्टन हळूहळू, थोडाथोडा दाबत राहायचं. बुडबुडे संपेपर्यंत. दोन पिस्टनांच्या मधे अडकलेली हवा गाडीवर पेडल मारून निघता निघत नाही. हे आम्ही दुसऱ्या खेपेला शिकलो. नंतर चाकं, सगळ्यात लांबच्यापासून: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. पुतण्या पेडलवर, उस्ताद चाकाच्या निपलवर (हवा सोडायच्या तोटीवर), मी बाटलीवर. "दाब." "धर." "सोड." तासभर शेडमध्ये एवढंच बोलणं. ब्रेक ऑइल डॉट ३ प्रकारचं. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल धरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. म्हणून उघड्या डब्यातलं, गेल्या वर्षीचं तेल घाटात उतरणाऱ्या गाडीत घालू नये. रंगही खातं ते. मडगार्डवर माझ्या बोटांचे दोन ठसे आहेत, पत्र्यापर्यंत.

पेडल आलं. कडक, वर. उस्तादांनी हात पुसायला घेतले.

मी म्हटलं, "आता फोडून बघू."

"काय फोडून?"

मागच्या डाव्या चाकाचं निपल उघडलं, त्याला नळी लावून बाटलीत सोडली. म्हणजे मागची लाइन फुटली असं समजा. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचललेली. मी पेडल दाबलं. ते खाली गेलं, गेलं आणि खट्कन फळीला लागलं. पुतण्याने पुढचं चाक हाताने फिरवलं. फिरलं. थोडं घासत, पण फिरलं.

तेव्हा जे वाटलं ते सांगत नाही. एवढे पैसे, एवढे दिवस, आणि गडावर गाडी तशीच फळीपर्यंत गेली असती.

कारणं दोन निघाली. एक, ड्रममधले शू खूप आत होते. त्यांना ड्रमपर्यंत पोचायलाच बरंच तेल खर्ची पडत होतं. दोन्ही सर्किटं चालू असताना हे झाकलं जातं, एक गेलं की उघडं पडतं. चारही चाकांच्या मागच्या प्लेटवरचे एक्सेंट्रिक (शू पुढे-मागे करायचे बोल्ट) फिरवून शू ड्रमला लागेपर्यंत आणले आणि चाक जेमतेम मोकळं फिरेल इतके मागे घेतले. दुसरं, पेडलच्या दांड्याचा पुश रॉड आखूड होता. पेडलची पहिली दीड-दोन इंच चाल नुसती हवेत जात होती. रॉड लांब केला. पण फार लांब करूनही चालत नाही. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवावीच लागते, जीपच्या जुन्या मॅन्युअलमध्ये तेवढीच दिली आहे. पाय उचलल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर बोअरमधलं एक बारीक भोक झाकलेलं राहतं, तापून फुगलेल्या तेलाला बाटलीत परतायला वाट उरत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. फळीतली खाचही कानशीने बोटभर वाढवली.

पुन्हा निपल उघडलं. पुन्हा दाबलं. पेडल खाली गेलं, बरंच खाली, आणि फळीच्या दोन बोटं वर दगडासारखं थांबलं.

पुतण्या चाकाला लोंबकळला. "काका, हलत नाही."

मागचं बंद केलं, तेल भरलं, हवा काढली, आता पुढचं उघडलं, मागची चाकं उचलली, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडला. दाबलं. थांबलं. "हेपण जाम."

उस्ताद काही बोलले नाहीत. स्वतः जाऊन दोन्ही चाकं फिरवून पाहिली, मग वाकून माझा पाय पेडलवर खरंच आहे का ते पाहिलं. मला म्हणाले, अजून एकदा. आम्ही अजून एकदा केलं.

हत्यारं गोळा करताना त्यांनी बाकावरचा जुना पितळी टी उचलला, चिंधीने पुसला आणि खिशात टाकला. म्हणाले, "भाऊ, माझ्याकडे एक जीप आलीय. त्यांनाही डबल सिलिंडर बसवायचंय. हा तिकडे कामाला येईल." हसत होते की काय ते मिशीमुळे कळलं नाही.

मी हात पुढे केला आणि टी परत मागून घेतला. सध्या तो पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे.